उपवासात बसवलेली जाळी

मला फिलूचे फक्त दोन पाय दिसले. बाकीची फिलू विहिरीत होती.

पडली नव्हती अजून. दगडी कठड्यावर पोट टेकून, डोकं आत घालून ती विहिरीतल्या कासवाला डब्यातली भाकरी चारत होती. कासव पुढे येत नव्हतं म्हणून तीच पुढे सरकत होती. मी हातातल्या वह्या टाकल्या, धावले आणि तिचे घोटे धरून ओढलं. ती बाहेर आली ती माझ्या हनुवटीवर लाथ मारूनच.

"बाई, सोडा ना. त्याने अजून खाल्लं नाय."

"त्याला मी घालते खायला. तू आधी खाली बस."

"तुम्हाला ते ओळखत नाय."

दुसरीतली पोर. कपाळावर सकाळी फादरांनी लावलेली राख अजून तशीच होती, कारण तो राखेचा बुधवार होता, आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. तू माती आहेस हे सकाळी फादरांकडून ऐकायचं आणि दुपारी विहिरीत वाकायचं, असा तिचा कार्यक्रम. मी तिला तिथेच एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरून रडले. आता शाळेत असं केलं तर दोन्हीबद्दल खुलासा द्यावा लागतो. तेव्हा चालायचं.

हे सगळं ताडभाटचं. वसईच्या पट्ट्यातलं ख्रिस्ती गाव. केळीच्या वाड्या, पानवेली, मधोमध चर्च आणि चर्चला चिकटून सिस्टरांची मराठी प्राथमिक शाळा. मी तिथे नुकतीच लागले होते. सेलिना रुमाव, नवी शिक्षिका, स्वभाव तापट. माझं घर शेजारच्या गावात, मध्ये फक्त एक केळीची वाडी. आम्ही आपसात आमची बोली बोलतो. ती तशीच लिहिली तर निम्म्या वाचकांना दुभाषी लागेल, म्हणून जरा सोपी करून लिहिते.

विहीर शाळेच्या आधीपासूनची. वाडीवाल्याने जागा चर्चला दिली तेव्हा तीही दिली. कठडा इतका बुटका की पहिलीतलं पोरही त्यावर हनुवटी टेकवून आत बघे. इतकी वर्षं कोणी पडलं नव्हतं, आणि ह्याचं सगळं श्रेय गाव रक्षक देवदूतांना देत असे.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर व्हिक्टोरिन मूळच्या मंगळूरच्या. मराठी त्या पुस्तकं वाचून शिकल्या होत्या आणि बोलायच्याही पुस्तकासारखं. मी फिलूला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फिलूला एक लिमलेटची गोळी दिली आणि मला म्हणाल्या, "देवदूतांवर माझी पूर्ण श्रद्धा आहे. परंतु ह्या शाळेची मुख्याध्यापिका मी आहे."

त्या शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट, म्हणजे उपवासकाळातली शुक्रवारची प्रार्थना, झाल्यावर त्यांनी गावाची सभा घेतली. दिवस त्यांनी बरोबर निवडला होता. उपवासकाळात माणूस आधीच आपल्या पापांनी वाकलेला असतो, त्यात पोट रिकामं. तो कशालाही हो म्हणतो. विहिरीवर लोखंडी जाळी बसवायची, पाणी काढायला विजेचा पंप लावायचा आणि आवारात नळ घ्यायचा, असं एकमताने ठरलं. सगळ्यात मोठ्याने हो म्हणाली कारमेलीबाय तुस्कानो.

ही बाई कोण ते नीट सांगायला हवं. नवरा गेला तेव्हा मुलगा चौथीत होता. तिने एकटीने वाडी सांभाळली, मुलगा वाढवला आणि गावाच्या रीतीभाती पाठ केल्या. बाप्तिस्मा असो, लग्न असो, मयत असो, कोणी पुढे व्हायचं, कोणी मागे राहायचं, हे सगळं तिला विचारल्याशिवाय ताडभाटचं पान हलत नसे. सभा संपल्यावर ती सरळ माझ्याकडे आली.

"पोरीला वर ओढलीस ती तूच काय?"

"हो."

"हात दाखव."

मी हात पुढे केला. तिने बाजारात दुधी भोपळा दाबून बघतात तसा माझा दंड दाबून बघितला आणि निघून गेली. दुसऱ्या आठवड्यात तिच्या मुलासाठी आमच्या घरी मागणी आली. इनास टेलिफोन खात्यात होता, शांत, कमी बोलणारा. आम्हाला चर्चच्या पायऱ्यांवर बोलायला दिलं तेव्हा तो म्हणाला, "आईने तुमचा फक्त हात बघितलाय. तुम्ही नाय म्हणालात तरी चालेल." मला तो तिथेच आवडला. फार आवडला. लग्न ईस्टरनंतरच्या पहिल्याच रविवारी ठरलं.

इकडे जाळीचं काम पास्कोलकडे गेलं. पास्कोल गावातला वेल्डर, आणि गावच्या ब्रास बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचाही तोच. भोकं केवढी ठेवायची, हे ठरवायला सिस्टरांनी शिंप्याची टेप आणून पहिलीच्या सगळ्या वर्गाची डोकी मोजली. सर्वांत लहान डोकं निघालं ज्युडचं. तो पास्कोलचाच नातू.

"ह्या मस्तकाहून भोक लहान हवं," सिस्टर म्हणाल्या.

"आमच्या घरात सगळ्यांची डोकी लहानच," पास्कोल अभिमानाने म्हणाला. "दार कुठे ठेवू, सिस्टर?"

"दार ठेवू नका. दार आलं की कुलूप आलं. कुलूप आलं की किल्ली आली. किल्ली आली की ती हरवणार."

पास्कोलने विनादाराची जाळी कठड्यात रोवलेल्या लोखंडाला चहूबाजूंनी वेल्ड केली. फादर लाझरस ह्यांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. सगळं गाव बघायला आलं होतं, आणि कोणालाही काही आठवलं नाही.

आता ह्यात चुकलं काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. उपवासकाळात आमच्यात लग्नं ठरवतात, पण लावत नाहीत. आणि ती विहीर ताडभाटच्या लग्नांची विहीर होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याकडची माणसं बँड लावून विहिरीवर जातात, पाच सवाष्णी दोराने पाच कळश्या पाणी ओढतात, आणि सकाळी त्या पाण्याने नवऱ्याची आंघोळ होते. त्याशिवाय नवरा चर्चची पायरी चढत नाही. रीतीभातींच्या जाणकार कारमेलीबायसकट अख्ख्या गावाने ती विहीर कायमची बंद केली, कारण तेव्हा उपवास चालू होता आणि लग्नाचं पाणी कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ईस्टरनंतरचं पहिलं लग्न आमचं होतं.

ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी शाळा भरली, कारण परीक्षा जवळ आली होती. पाढे चालू असताना कारमेलीबाय वर्गाच्या दारात उभी राहिली.

"जाळी उघडायची कुठून गो?"

"उघडत नाही ती."

"म्हंजे?"

"दारच नाही तिला. तुमच्यासमोरच बसवली ना."

ती दुसरीच्या बाकावर मटकन बसली. बाकावरची दोन पोरं घसरून खाली गेली. "मग माझ्या इनासचं पाणी?"

मला तेव्हा आठवलं. सगळं एकदम आठवलं. फिलूने बोट वर केलं. "नळाला येते ना पाणी."

"तू गप गो," कारमेलीबाय म्हणाली आणि उठून सिस्टरांच्या खोलीत गेली. मीही मागे गेले.

"जे जल विहिरीत आहे तेच नळातून येतं," सिस्टर समजावून सांगू लागल्या. "त्यात यत्किंचितही भेद नाही."

"सिस्टर, तुम्ही लग्न केलं नाय."

"नाही."

"मग."

प्रकरण फादर लाझरस ह्यांच्याकडे गेलं. फादर वयस्कर, भांडणाला भिणारे. ते बराच वेळ दाढी खाजवत बसले आणि म्हणाले, "चर्चच्या कायद्यात नळाबद्दल काही नाही." मग त्यांनी तोड काढली. शनिवारी संध्याकाळी पंप सर्वांसमोर चालू करायचा, पाइप टाकीपासून सोडवायचा, आणि विहिरीतलं ताजं पाणी थेट कळशीत घ्यायचं. कारमेलीबायने मान डोलवली, पण तोंड पाडून. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. लोकांना मात्र सांगत सुटली, "मी पोरीचा हात बघितला. डोकं बघायला पायजे होतं."

शनिवार उजाडला. आमच्या दारात मांडव पडला होता. मला रीतीप्रमाणे डोक्यापासून नारळाचं दूध लावून ओट्यावर बसवलेलं, आणि भोवती मावश्या. केळीच्या वाडीपलीकडून ताडभाटचा बँड ऐकू येत होता. विहिरीशी पोचले की बँड थांबतो, कळश्या भरल्या की परत सुरू होतो. बँड थांबला. मग सुरू झाला, तेच गाणं, पहिल्यापासून. मग पुन्हा थांबला. मग पुन्हा तेच गाणं. काहीतरी बिनसलंय असं मला वाटतंय तोवर आमच्या ओट्यावरचा पंखा दिसला. बंद होता. लाइट गेली होती.

लाइट नाही म्हणजे पंप नाही. पंप नाही म्हणजे पाणी नाही. आणि पास्कोलकडे लोखंड कापायचं जे हत्यार होतं ते गॅसवर चालायचं, त्याला लाइट लागत नसे.

मी उठले, भावाची सायकल घेतली आणि निघाले.

"अगो, नवरीने पाण्याला जायचं नसते," मावशी ओरडली.

"मी पाण्याला नाही, शाळेत चाललेय," मी म्हणाले. केसांतून नारळाचं दूध ठिबकत होतं आणि वाडीतल्या सगळ्या माश्या माझ्याबरोबर निघाल्या होत्या.

शाळेच्या आवारात अख्खं गाव होतं. पाच सवाष्णी ठेवणीतली लाल लुगडी नेसून, कळश्या काखेत घेऊन पंपाच्या सोडवलेल्या पाइपाशी उभ्या. पाइपातून थेंब नाही. सिस्टर व्हिक्टोरिन जाळीला पाठ लावून विहिरीपुढे उभ्या होत्या, हातात जपमाळ. आणि त्यांच्यासमोर पास्कोल. अंगात बँडचा सोनेरी झालरीचा लाल कोट, आणि हातगाडीवर गॅसचं नळकांडं.

"हे काय?" मी सायकल टाकत विचारलं.

"दोनच गज," पास्कोल म्हणाला. "आता कापतो, सोमवारी परत लावून देतो. काम माझंच हाय."

"सोमवारी नक्की?"

तो प्रामाणिक माणूस. घुटमळला. "मंगळवारी खालच्या आळीत लग्न हाय. त्यांनाही उघडीच लागेल. बुधवारी दुसरं हाय. मे महिना संपला की लगेच लावतो बघ."

"आणि तोवर पोरं?"

त्याने कॉर्नेटची कळ दाबून बघितली.

एवढ्यात इनासच्या आत्यांना मी कोण ते कळलं. "नवरी आली, नवरी. इनास, बघू नको तिकडे." लग्नाआधी नवऱ्याने नवरीला बघू नये म्हणतात. इनास बिचारा वळला आणि तोंड माडाकडे करून उभा राहिला. पुढचा सगळा वेळ तो त्या माडाशीच बोलला.

कारमेलीबाय पुढे आली. "दिवस मावळायच्या आत पाणी घरात यायला पायजे. माझ्या सासऱ्याच्या बापापासून हीच विहीर. पास्कोल, काप."

माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. "जाळी कापली तर उद्या मी चर्चमध्ये येणार नाही."

मला इनास हवा होता, आणि मी बोललेलं मागे घेत नाही हे मला माहीत होतं.

"तू लग्न माझ्या पोराशी करतेस की ह्या विहिरीशी?" कारमेलीबायने विचारलं.

"तुमच्या पोराशी. पण आम्हाला पोरं झाली तर ती ह्याच शाळेत येणार."

आत्यांनी तोंडाला पदर लावले. लग्नाआधी नवरीने पोरांची भाषा केलेली ताडभाटने ऐकली नव्हती.

"आई," इनास माडाला म्हणाला, "जाळी कापली तर नवरी नाय. नाय कापली तर पाणी नाय. मला पाण्याशिवाय चालेल."

"तुला लहानपणापासून आंघोळीचा कंटाळाच," कारमेलीबाय म्हणाली. पण तिचा आवाज थोडा उतरला होता. तिने एकवार माझ्याकडे बघितलं, एकवार सिस्टरांकडे, आणि राग कोणावर काढावा ते न कळून पास्कोलवर काढला. "आणि ही जाळी पोरांना धरणार? ह्याने माझ्या वाडीला फाटक करून दिलं, त्यातून माझी म्हैस निघून गेली. ही जाळी?"

"म्हशीचं वजन निराळं," पास्कोल पुटपुटला.

"बाजूला व्हा, सिस्टर."

सिस्टर बाजूला झाल्या नाहीत, पण कारमेलीबायने त्यांना वळसा घातला, लुगडं वर खोचलं, कठड्यावर पाय दिला आणि ती जाळीवर चढली. थेट मध्यावर जाऊन उभी राहिली. चांगली आडव्या बांध्याची बाई. जाळी एकदा कुरकुरली. पास्कोलने घाईघाईने क्रुसाची खूण केली. फादरांनी दोनदा केली. तिने एक पाय आपटला, मग दुसरा आपटला. मग जागच्या जागी उडी मारली. पाच सवाष्णींनी डोळे मिटून घेतले.

जाळी हलली नाही.

"धरते गो," ती म्हणाली, आणि हे ती मला म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा न भांडता.

मग ती खाली, पायांमधून, पाण्याकडे बघत राहिली. "रोझा," तिने धाकट्या जावेला हाक मारली, "कळशीवरचा तांब्या दे इकडे."

लग्नाच्या कळशीवर आम्ही तांब्या पालथा ठेवतो. कारमेलीबायने तो जाळीच्या भोकाला लावून बघितला. ज्युडचं डोकं जात नव्हतं, पण तांब्या गेला. कडेला घासत गेला, पण गेला. तिने कळशीचा दोर त्याच्या गळ्याला बांधला. मला वाटलं आता ती पाणी ओढणार. तिने दोर रोझाबायच्या हातात दिला, जाळीवरून उतरली आणि पलीकडे शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिथे आणखी दोनतीन म्हाताऱ्या होत्या, काळसर लुगड्यांतल्या.

ती विधवा आहे हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. पण पाणी सवाष्णींनी ओढायचं असतं, आणि ज्या पाण्यासाठी ही बाई आठवडाभर सगळ्या गावाशी भांडत होती त्याला तिचा हात लागणारच नव्हता, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी शिरलं. पण दिवसभरात एक भांडण मला पुरे झालं होतं.

पाणी काढायला सुरुवात झाली. तांब्या खाली जाताना गजांवर आपटे, वर येताना अर्धा सांडे. पहिली कळशी निम्मी झाली तोवर पाचही सवाष्णींचे दंड भरून आले. रोझाबाय जाळीवरच फतकल मारून बसली. सूर्य ताडांच्या मागे गेला.

"रांग करा," सिस्टर म्हणाल्या. शाळेत नळाशी करायच्या तशी त्यांनी बाह्या वर करून रांग लावली आणि पहिला तांब्या स्वतःच घेतला.

"पण सिस्टर सवाष्ण नाय," एक आत्या म्हणाली.

फादर लाझरस जन्मात पहिल्यांदाच भांडणात पडले. "सिस्टरांचं लग्न ख्रिस्ताशी झालंय. त्यांच्याएवढी सवाष्ण साऱ्या वसईत सापडायची नाही."

ह्याला काय उत्तर देणार. सिस्टर जाळीवर चढल्या, त्यांच्या मागून बालवाडीच्या सिस्टर. एकदा दार किलकिलं झालं म्हटल्यावर मग सगळेच आत शिरले. कुमारिका झाल्या, पुरुष झाले, पास्कोलने लाल कोट काढून ओढलं. बँडची लग्नाची गाणी संपली, मग नाताळची निघाली. एप्रिलच्या उकाड्यात बाळ येशूचा पाळणा हलत होता आणि शाळेतली पोरं जाळीवर एकेक करून, सिस्टरांचा हात धरून, तांब्याभर पाणी ओढत होती. इनासलाही पाळी मिळाली. आत्यांनी त्याला माडापासून विहिरीपर्यंत उलटा चालवत आणला. माझीही पाळी आली. कोणी काही म्हणालं नाही. चार कळश्या भरल्या. पाचवी गळ्याशी आली आणि रांग संपली.

सिस्टरांनी राखेच्या त्या बुधवारनंतर शाळेला एक सवय लावली होती. कुठूनही परत निघताना वर्गाच्या मॉनिटरने 'कोण राहिलं?' असं ओरडायचं आणि सगळ्यांनी आजूबाजूला बघायचं. दुसरीची मॉनिटर फिलू होती. सिस्टरांनी तिला मुद्दाम केलं होतं. रांग संपलेली बघून तिने सवयीने आरोळी ठोकली.

"कोण राहिलं?"

पोरांनी माना फिरवल्या. फिलूने भिंतीकडे बोट केलं. "त्या आजी राहिल्या."

बँड थांबला.

"तिला नाय चालत गो," रोझाबाय हळू आवाजात म्हणाली.

"का?"

दुसरीच्या वर्गात मी दिवसभर 'का'चीच उत्तरं देत असे. ह्या 'का'साठी मी फादरांकडे बघितलं. फादर आपल्या चपलांकडे बघायला लागले.

"कोणी मागे राहिलं असता रांग मोडत नाही," सिस्टर म्हणाल्या. "या, बाई."

"मला कशाला," कारमेलीबाय भिंतीला आणखी टेकली. "मी रीत काय ती सांगते तेवढी. तुमचं चालू द्या."

मी जाळीवरचा तांब्या उचलला आणि तिच्यापाशी गेले. "आई, शेवटची कळशी आहे. तुम्हीच भरा."

"उद्या येणार नव्हतीस ना तू?"

"तुम्ही भरलंत तर येईन."

"धमकी देतेस?"

"हो."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. केसांत नारळाचं दूध, त्यावर माश्या, पायाला चिखल. मग तांब्या माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि गेली. कठड्यावर चढताना रोझाबायने तिला हात दिला. इनास वळून सरळ आईकडे बघत होता, मी त्याच्या नजरेसमोर उभी असताना, आणि एकही आत्या त्याला ओरडली नाही.

तिने दोर सोडला. पाण्याचा आवाज आला. हातावर हात टाकत तिने तांब्या वर घेतला, काठोकाठ. सगळ्या गावात तिच्याच तांब्यातलं पाणी सांडलं नाही. ते पाचव्या कळशीत ओतलं आणि दोर परत खाली सोडला. दुसऱ्या तांब्याला कळशी भरली. तिसऱ्याला पाणी कडेने वाहायला लागलं आणि जाळीतून परत विहिरीत पडायला लागलं. तिचे गाल ओले होते आणि माझेही. बँडवाले वाद्यं तोंडाशी धरून तिच्या खुणेची वाट बघत होते.

"बाई," सिस्टर हळूच म्हणाल्या, "कळशी भरली."

"दिसते मला," ती म्हणाली, आणि तांब्या पुन्हा खाली सोडला.